‘उद्यापासून याला पाठवू नका!’

‘उद्यापासून याला पाठवू नका.’ हे चार शब्दांचे वाक्य आज गावोगावच्या शाळांतून ऐकू येते. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार लोटून, हलक्या आवाजात बोलले जाते. त्याची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. ज्या आईला ते ऐकावे लागते ती मुलाचा हात धरून, जणू अपराध आपलाच आहे अशा भावनेने, मान खाली घालून घरी परतते. बुऱ्हाणपुरातील आमच्या लोधीपुऱ्यासारख्या वस्तीत अशी वार्ता सायंकाळपर्यंत घरोघर पोहोचते आणि देवळाच्या पायरीवर तिचा निकालही लागतो. कोणी म्हणतो, आईबापांनी लाडावून ठेवले. कोणी म्हणतो, पूर्वजन्मीचे भोग. कोणी पंचांग काढून साडेसातीचा हिशेब मांडतो. अशा रीतीने शाळा मोकळी झाली, समाज मोकळा झाला, आणि अडकून पडले ते एकटे मूल.

आम्हांस आज या चार शब्दांविरुद्ध लिहावयाचे आहे. ज्यांच्या तोंडून ते निघतात, किंवा ज्यांच्या मौनामुळे ते खपून जातात, अशा सज्जनांत आमचे पुष्कळसे वाचक मोडतात, हे जाणूनच लिहावयाचे आहे. शाळांच्या कार्यकारिणीवर आणि देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांवर बहुधा तीच ती माणसे असतात. म्हणून सरकारकडे बोट दाखवून हा लेख संपविण्याची सोय आम्हांस नाही.

प्रथम कायद्याची गोष्ट सांगून टाकू, म्हणजे ‘आमचा नाइलाज आहे’ या सबबीस जागा उरणार नाही. २००९ साली झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा असे सांगतो की, त्याच्या कक्षेतील कोणत्याही शाळेने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला काढून टाकता कामा नये. पुढे २०१९ साली त्यातील नापास करण्यासंबंधीचा भाग बदलण्यात आला. काढून टाकण्याची बंदी मात्र तशीच राहिली. त्याच कायद्याने मुलास मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टी निषिद्ध ठरविल्या. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. त्यांत स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन-अक्षमता आणि मानसिक आजार यांचा स्पष्ट नामनिर्देश आहे. मुलाची अध्ययन-अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून तिच्यावर योग्य उपाय योजावेत, असे हाच कायदा सांगतो. तात्पर्य, ते चार शब्द निष्ठुर तर आहेतच, ते बेकायदाही आहेत. ते लेखी कधीच का दिले जात नाहीत, याचे उत्तरही यातच आहे.

ही मुले कोण? वर्गात क्षणभर एका जागी न बसणारा मुलगा; हाक मारली तरी न पाहणारा, एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणारा मुलगा; तोंडी सर्व सांगणारी पण पाटीवर दोन ओळी लिहिताना घामाघूम होणारी मुलगी; कर्कश आवाज होताच कान झाकून किंचाळणारे मूल; आणि यांच्या जोडीला कोणालाच त्रास न देणारी, महिनोन्‌महिने गप्प राहणारी, दर सोमवारी पोट दुखते म्हणून घरी थांबणारी मुलगी. पहिल्या चौघांना शिक्षा मिळते. पाचवीला काहीच मिळत नाही, कारण ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. आमच्या मते पाचवीचा धोका लहान नाही. मराठीत या मुलांस ‘ढ’ आणि ‘वेडा’ म्हणतात, कोंकणीत ‘पिसो’, हिंदीत ‘मंदबुद्धि’. शब्द निरनिराळे, पण कामगिरी एकच: पुढे विचार करण्याचे कष्ट वाचविणे.

अशी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील, असा पुष्कळांचा समज आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशातील पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांची तपासणी झाली होती. त्या पाचांत आमच्या गोमंतकीय वाचकांचा उत्तर गोवाही होता. दृष्टी आणि श्रवण यांच्या दोषांपासून अपस्मार, वाचादोष, स्वमग्नता, अतिचंचलता आणि अध्ययन-अक्षमता यांपर्यंतचे नऊ विकार त्यांनी तपासले. त्यांपैकी निदान एक विकार सुमारे आठांतील एका मुलात आढळला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या मुलांत मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के निघाले. चाळीस मुलांचा एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यात चारपाच मुलांना कोणत्या तरी साहाय्याची गरज असणार, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. ज्या शाळेचे चालक ‘आमच्याकडे तसली मुले नाहीत’ असे अभिमानाने सांगतात, त्यांनी ती एक तर पाहिलेली नाहीत किंवा घालवून दिलेली आहेत.

आमच्या बुऱ्हाणपुरास आणखी एका गुंत्याला तोंड द्यावे लागते. हे गाव सीमेवरचे. तापीच्या काठी मराठी, हिंदी, उर्दू, निमाडी, गुजराती अशा बोली एकाच गल्लीत नांदतात. मराठी घरातले मूल हिंदी माध्यमाच्या वर्गात बसते तेव्हा पहिली दोन वर्षे ते अडखळले तर त्यात नवल नाही. ते मूल मंद नाही. ते परभाषेत शिकत आहे. परंतु याच्या उलटही घडते. खरोखर वाचन-अक्षमता असलेल्या मुलाबद्दल ‘घरी मराठी बोलतात ना, म्हणून मागे पडतो’ असे म्हणून चार वर्षे घालविली जातात. दोन्ही चुका सारख्याच घातक आहेत. त्या टाळावयाच्या तर मुलाची तपासणी त्याच्या मातृभाषेत व्हावयास हवी, एवढा एक नियम पाळला तरी पुरे. घरच्या भाषेतही अडचण दिसत असेल तर ती अडचण खरी. घरच्या भाषेत मूल सुरळीत असेल तर उणीव वर्गाची. पण ही तपासणी करणारा माणूस शाळेत नाही, आणि तिच्यासाठी खंडवा, जळगाव किंवा इंदूर गाठण्यास यंत्रमागावर पाळी करणाऱ्या बापाला सवड नाही आणि ऐपतही नाही.

वर्तन-साहाय्य हे नाव ऐकून अनेकांना वाटते की, हे काहीतरी विलायती, खर्चिक, श्रीमंत शहरांपुरते प्रकरण असावे. म्हणून त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगतो. त्याच्या मुळाशी एकच विचार आहे: मुलाचे प्रत्येक वागणे ही एक भाषा असते. ज्या मुलास शब्द सुचत नाहीत किंवा सापडत नाहीत ते हातापायांनी बोलते. तेव्हा ‘हा असे का वागतो?’ हा प्रश्न कपाळाला हात लावून विचारण्याचा नाही. वही-लेखणी घेऊन विचारण्याचा आहे. प्रत्येक घटनेच्या तीन गोष्टी टिपावयाच्या: आधी काय घडले, मुलाने काय केले, आणि नंतर त्याला काय मिळाले.

समजा, तिसरीतील एक मुलगा रोज शेजारच्या मुलाला ढकलतो. गुरुजी त्याला वर्गाबाहेर उभा करतात. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ढकलतो. गुरुजी म्हणतात, ‘हा कोडगा आहे.’ पण पंधरा दिवस कोणी टिपण ठेवले तर असे दिसून येते की, ढकलणे नेमके शुद्धलेखनाच्या तासाला होते, गाण्याच्या किंवा गणिताच्या तासाला होत नाही. आता उलगडा होतो. त्या मुलास लिहिता येत नाही. चाळीस जणांदेखत फजिती होण्यापेक्षा वर्गाबाहेर उभे राहणे त्याला परवडते. ज्याला गुरुजी शिक्षा समजत होते ते त्याचे बक्षीस होते! रोज शिक्षा वाढत गेली आणि रोज खोडी पक्की होत गेली, यात कोडगेपणा कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर उपाय काय? त्याला अर्धे पान लेखन द्यावे. फार जड झाले तर दाखविण्यासाठी एक चिठ्ठी त्याच्या हाती द्यावी. ती दाखविताच दोन मिनिटे पाणी पिऊन येण्याची मुभा असावी. म्हणजे ढकलून जे तो मिळवीत होता ते मागून मिळविण्यास तो शिकेल. ज्या दिवशी तो ढकलणार नाही त्या दिवशी, त्याच क्षणी, नाव घेऊन त्याची वाखाणणी करावी. शनिवारपर्यंत थांबू नये. घरीही आईने तीच रीत ठेवावी, कारण शाळेत एक आणि घरी दुसरे असे झाले की मूल गोंधळते. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याच्या वाचन-लेखनाची तपासणी करून त्याची शिकवणी वेगळ्या पद्धतीने सुरू करावी. स्वमग्न मुलासाठी दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी भिंतीवर लावावे, म्हणजे पुढे काय होणार या भीतीने त्याचा जीव उडणार नाही. घंटेच्या कर्कश आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला घंटेपूर्वी एक मिनिट सांगून ठेवावे. एका कोपऱ्यात चटई टाकून शांत जागा करावी; ती शिक्षेची नसून विसाव्याची आहे हे साऱ्या वर्गास सांगावे. यांपैकी कोणत्या गोष्टीस लाखो रुपये लागतात? येथे लागते ती नजर, आणि ती नजर ज्याला शिकविली आहे असा एक माणूस.

अमेरिकेत ऑरेगॉन विद्यापीठातील हॉर्नर आणि सुगाई या अध्यापकांनी या विचाराची शाळाभर लागू होणारी घडी बसविली. तिचे तीन थर आहेत: सर्व मुलांसाठी स्पष्ट आणि प्रेमळ शिस्त, काहींसाठी लहान गटात जादा साहाय्य, आणि थोड्यांसाठी, एकेकाचा अभ्यास करून, स्वतंत्र योजना. १९९७ साली तेथील शिक्षणविषयक कायद्यात दिव्यांग मुलाच्या वर्तनाचे कारण शोधण्याची तरतूद आली. परंतु हे सर्व परदेशातच सुचले असे मानण्याचे कारण नाही. मुंबईस टाटांच्या समाजकार्य शाळेत बालमार्गदर्शनाचे चिकित्सालय १९३७ साली निघाले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडास गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मूल शाळेत येत नाही, तर मूल वाईट, असा निकाल त्यांनी दिला नाही. शाळा कोठे असावी, याचाच त्यांनी पुन्हा विचार केला. कोठारी आयोगानेही १९६४-६६ मध्येच अशा मुलांचे शिक्षण सर्वसाधारण शिक्षणाचे अविभाज्य अंग असावे, असे म्हटले होते. विचार आपल्याकडे होता. त्याची अंमलबजावणी मात्र झाली नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शिक्षकांचा, आणि तो खरा आहे. पन्नास मुले, त्यांत जनगणना, मतदारयाद्या, भोजनाचे हिशेब. एकेका मुलाची टिपणे कोणी आणि केव्हा ठेवावीत? आम्ही शिक्षकांच्या बाजूचे आहोत. सगळे ओझे त्यांच्याच डोक्यावर टाकून चालणार नाही, हे अनुभवानेही सिद्ध झाले आहे. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने बिहारातील नालंदा जिल्ह्यात सुमारे ७५ शाळांत एक प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही शाळांत मुलांच्या मानसिक आरोग्याचे काम शिक्षकांकडे जादा म्हणून सोपविले. काही शाळांत त्याच कामासाठी वेगळा माणूस नेमला. तो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञ नव्हता. शिकवून तयार केलेला साधा समुपदेशक होता. ज्या शाळांत वेगळा माणूस होता तेथे मुलांतील उदासीनता कमी झाली, मारामाऱ्या आणि दांडगाई कमी झाली, शाळेचे वातावरण सुधारले. ज्या शाळांत ते काम शिक्षकांच्या गळ्यात बांधले होते तेथे तसा गुण आला नाही. यावरून बोध उघड आहे. या कामाला वेगळा माणूस पाहिजे, आणि तो आपल्याच जिल्ह्यातील तरुणतरुणींतून तयार करता येतो.

दुसरा आक्षेप इतर पालकांचा: ‘एका मुलापायी आमच्या मुलांचे नुकसान का?’ हाही वरवर रास्त वाटतो. पण साहाय्य न मिळालेले मूल वर्गाचा जितका वेळ घेते तितका साहाय्य मिळालेले मूल घेत नाही. ज्या वर्गात बोलण्याची पद्धत आहे, विसाव्याचा कोपरा आहे, नाव घेऊन वाखाणणी आहे, तो वर्ग सर्वांनाच मानवतो. शिवाय आज जी मुले शहाणी म्हणून आपण नाचवितो त्यांपैकी एखादे उद्या दहावीच्या वर्षी कोसळू शकते. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. तीही कोणाच्या तरी घरची मुले होती, आणि त्यांतील सगळीच काही वर्गाबाहेर उभी केलेली नव्हती.

तिसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: ‘आम्ही छड्या खाल्ल्या, आमचे काय बिघडले?’ यास आमचे उत्तर असे की, ज्यांचे बिघडले ते आज येथे बोलावयास बसलेले नाहीत. त्यांनी चौथीत शाळा सोडली. ते कोठे हमाली करतात, कोठे दारू पितात, कोठे घराच्या मागच्या खोलीत आयुष्य काढतात, याची गणती कोणी केलेली नाही. टिकलेल्यांच्या साक्षीवर न टिकलेल्यांचा खटला चालवावयाचा नसतो.

चौथा आक्षेप मात्र आमच्या देवळातून येतो, आणि तोच आम्हांस सर्वांत जिव्हारी लागतो. ‘प्रारब्ध आहे, भोगून संपवावयाचे,’ असे म्हटले जाते. आमचे म्हणणे असे की, कर्मसिद्धान्त ही दुसऱ्याचा हिशेब तपासण्याची वही नव्हे. माणसाने स्वतःचे पाऊल जपून टाकावे म्हणून ती शिकवण आहे. त्या मुलाने मागल्या जन्मी काय केले हे पायरीवर बसलेल्यांपैकी कोणास ठाऊक नाही. पण या जन्मी त्या मुलाशी आपण काय करतो, हे आपले कर्म आहे, आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागणार.

आमच्याच ग्रंथांनी याविषयी काय सांगितले आहे? महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाचे तीन पुत्र प्रचलित शास्त्राध्ययनाने शिकेनात. राजाने त्यांना महालाबाहेर उभे केले नाही. विष्णुशर्मा पुढे आला, सहा महिन्यांत यांना शहाणे न केले तर आपले नावच टाकीन म्हणाला, आणि त्याने शिकविण्याची रीत बदलली. पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगितल्या. त्यातून ‘पंचतंत्र’ निर्माण झाले. एका खंबीर शिक्षकाने तीन ‘ढ’ मुलांसाठी पद्धत बदलली, तिचा लाभ जगातील मुले आजवर घेत आहेत. जनकाच्या सभेत अष्टावक्राचे वाकडे अंग पाहून जे हसले त्यांची नावे कोणास आठवत नाहीत, अष्टावक्राचे आठवते. आणि ज्ञानदेवांनी पैठणास रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा तर आम्ही कीर्तनात डोळे पुसून ऐकतो. बाहेर पडलो की त्याच तोंडाने गल्लीतल्या पोराला ‘रेडा’ म्हणतो! रेड्यातही वेद पाहणाऱ्याचे वारस म्हणविणाऱ्यांना मुलात अक्षर दिसू नये, याहून मोठी विटंबना ती कोणती?

नवस, अंगारा, ताईत यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. गोमंतकात देवाला कौल लावतात. खानदेशात आणि निमाडात मुलाला भगताकडे नेतात. देवापुढे हात जोडून आईच्या मनास धीर येत असेल तर तिचा धीर हिरावून घेण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण जो कौल ‘देवाचा प्रसादही घे आणि तपासणीही कर’ असे सांगत नाही, जो भगत मुलाला मारून भूत उतरविण्याच्या गोष्टी करतो, तो त्या मुलाची सर्वांत मोलाची वर्षे गिळतो. बोलावयास शिकण्याचे वय, लिहावयास शिकण्याचे वय कोणासाठी थांबून राहत नाही. देव थांबेल, मुलाचे वय थांबणार नाही.

आता सरकारविषयी. कायदे झाले, न्यायालये बोलली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण सांगितले: प्राथमिक वर्गांत अशा दर १० मुलांमागे एक, आणि वरच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावे लागले की, पदे जाहीर करा आणि भरती सुरू करा. साडेतीन वर्षांत एवढीच प्रगती! जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने आणखी एक आदेश दिला: १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा. आमच्या जिल्ह्यात बुऱ्हाणपूर आणि खकनार असे दोनच विकासखंड आहेत. २००३ साली खंडव्यापासून वेगळा झालेला हा लहान जिल्हा आहे. येथे शंभरावर मुले असलेल्या शाळांची यादी करणे हे एका कारकुनाचे आठवड्याचे काम. त्या यादीपुढे समुपदेशकांची नावे लिहिलेली आम्हांस पाहावयाची आहेत.

जेव्हा असा प्रश्न निघतो तेव्हा अधिकारी म्हणतात, इंदूरला मोठे केंद्र आहे, तेथे न्या. बुऱ्हाणपूरकरांना हे उत्तर शोभत नाही. या गावचा कुंडी भंडारा ज्याने पाहिला आहे त्याला तर नाहीच नाही. इ. स. १६१५ च्या सुमारास, खानखाना अब्दुर्रहीम याच्या कारकिर्दीत, सातपुड्याच्या पोटात झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, शंभरावर कुंड्यांच्या साखळीने, केवळ उताराच्या बळावर गावात आणले गेले. तहानलेल्यांना सातपुड्याकडे धाडण्यात आले नाही. डोंगरातले पाणी कुंडी-कुंडीने दारापर्यंत आले. ज्ञान आणि साहाय्य यांचीही हीच रीत हवी. मोठ्या शहरातील तज्ज्ञ हा डोंगर. जिल्ह्यातील विशेष शिक्षक, शाळेतील समुपदेशक, वर्गातील गुरुजी, घरातील आई या त्याच्या कुंड्या. यांपैकी एक जरी कोरडी राहिली तरी पुढची तहानलेली राहते. चारशे वर्षांपूर्वी जे पाण्याच्या बाबतीत साधले ते आज मुलांच्या बाबतीत साधू नये काय?

आणि आमच्या समाजाने काय करावे? लोधीपुऱ्यातच आमच्या शेजारी दर्गा-ए-हकीमी आहे. दाऊदी बोहरा समाजाने तेथे दूरदूरच्या यात्रेकरूंसाठी राहण्या-जेवण्याची केलेली सोय आणि राखलेली टापटीप पाहून आम्ही नेहमी वाखाणणी करतो. संघटित समाज मनावर घेईल तर काय करू शकतो, हे पाहण्यास आम्हांस लांब जावे लागत नाही. आमच्याही देवळांत पैसा आहे. शिखराला रंग, सभामंडपाला फरशी, उत्सवाला मांडव, यांसाठी वर्गणी एका सायंकाळी जमते. त्यातील थोडा भाग एका समुपदेशकाच्या वेतनासाठी काढून ठेवावा, असा ठराव कोणत्या विश्वस्त मंडळाने केला, हे कोणी आम्हांस कळवील तर आम्ही ते नाव आनंदाने छापू.

आमच्या मागण्या थोड्या आणि नेमक्या आहेत. आपल्या समाजाच्या हातात असलेल्या प्रत्येक शाळेने ठराव करावा की, वर्तनाच्या कारणावरून कोणत्याही मुलाला तोंडी वा लेखी घरी बसविले जाणार नाही. जेथे शंभर मुले आहेत तेथे समुपदेशक नेमावा; एका शाळेस परवडत नसेल तर तीन शाळांनी मिळून एक नेमावा. प्रत्येक वर्गशिक्षकास टिपणे ठेवण्याची आणि विसाव्याचा कोपरा करण्याची रीत शिकवावी, आणि त्या बदल्यात त्यांच्या डोक्यावरील एखादे बिनशिक्षकी काम उतरवावे. मुलाची तपासणी त्याच्या मातृभाषेत व्हावी. देवळाचा सभामंडप आठवड्यातून एक दुपार अशा मुलांच्या आयांसाठी मोकळा ठेवावा. तेथे त्यांनी एकमेकींशी बोलावे, आणि जिल्ह्यातील विशेष शिक्षकाने येऊन त्यांना दाखवावे, शिकवावे. आणि उत्सवाच्या पंगतीत एखादे मूल ओरडले, ताट उलटे केले, तर त्याच्या आईला ‘याला घरी ठेवावयाचे होते’ असे कोणी म्हणू नये. या शेवटच्या मागणीस पैसा लागत नाही. तरीही तीच सर्वांत अवघड ठरेल, अशी आमची भीती आहे.

पालकांसही एक सांगणे आहे. ते चार शब्द कानी पडले की मुलाचा हात धरून परत फिरू नका. शांतपणे म्हणा, ‘हे कागदावर लिहून द्या.’ सहसा कोणी लिहून देणार नाही. लिहून दिले तर तो कागद घेऊन जिल्हा शिक्षण कार्यालयात जा, आणि एकटे जाऊ नका. समाजातील चार शहाण्या माणसांस बरोबर घ्या. त्या चौघांनी त्या दिवशी आपला धंदा बंद ठेवून जावे. देवळात येरझारा घालण्यापेक्षा ती प्रदक्षिणा मोलाची आहे.

शाळा ही समाजाने आपल्या सर्व मुलांसाठी बांधलेली धर्मशाळा आहे. धर्मशाळेत जो दमून आला त्याला आधी जागा द्यावयाची असते. जी शाळा चालण्यास समर्थ असलेल्यांनाच आत घेते आणि लंगडत आलेल्याला दारातून परत पाठविते, तिच्या दर्शनी भिंतीवर सरस्वतीचे चित्र कितीही सुंदर रंगविले तरी त्या वास्तूत सरस्वती राहत नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. त्या दिवशी आमच्या वस्तीतील प्रत्येक मूल आत असावे. आणि कोणी ते चार शब्द उच्चारलेच, तर ऐकणारी आई त्या वेळी एकटी नसावी, एवढे पाहणे हे आपणा सर्वांचे काम आहे.